छपराला चुन्याचा हात

मे महिन्यातली रात्र. अकरा वाजून गेलेत. अंगणात वारा सुटलाय, कडुनिंबाखाली बसलं तर बरं वाटतंय. पण वरच्या मजल्यावरच्या खोलीत पाऊल टाकलं की भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं होतं. पंखा पाचवर फिरतोय आणि गरम हवाच अंगावर आणून टाकतोय. पलंगावर उभं राहून छताला तळहात लावून पाहा. सूर्य मावळून चार तास झाले तरी ते हाताला चांगलं ऊन लागतं. वऱ्हाडात, खानदेशात, मराठवाड्यात ज्यांची खोली थेट गच्चीखाली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ‘स्लॅब तापलाय’ एवढंच म्हणून ते गादी गुंडाळतात आणि गच्ची गाठतात.

या तापलेल्या स्लॅबवर गेल्या काही वर्षांत एक उपाय सगळीकडे ऐकू येतो: गच्ची पांढरी करा. रंगाच्या दुकानात त्याचे खास डबे मिळतात. एक रंगारी छातीठोकपणे सांगतो, घर दहा अंशांनी गार होईल. शेजारचे काका सांगतात, आम्ही करून पाहिलं, काही फरक पडला नाही. पांढऱ्या छपरानं घर गार राहतं का, वीज वाचते का, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असंच आहे. मात्र ते कुठल्या छपराला, कुठल्या मजल्याला आणि कोणाच्या घराला लागू पडतं, हे कळल्याशिवाय त्या ‘हो’वर पैसे खर्च करू नयेत.

गच्चीवर पडणारं ऊन जातं कुठं?

निरभ्र आकाशातल्या भर दुपारी सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. पाचशे चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. तिच्यावर त्या वेळी ४६ किलोवॅट ओतले जात असतात. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर खोलीतून सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो. म्हणजे जवळपास नऊ एसी मिळून जेवढी उष्णता उपसतील, तेवढी त्या छोट्या गच्चीवर वरून कोसळत असते.

तिचं पुढं काय होतं, हे गच्चीच्या अंगावर अवलंबून आहे. पावसापाण्यानं काळवंडलेला जुना स्लॅब यातली पंचवीस-तीस टक्के ऊर्जा परत पाठवतो आणि बाकीची पोटात घेतो. गळती थांबवायला डांबरी शीट अंथरलेली गच्ची तर नव्वद टक्क्यांच्या आसपास गिळून टाकते. ताजा पांढरा लेप सत्तर-ऐंशी टक्के ऊन आल्या पावली माघारी धाडतो.

पोटात घेतलेली सगळी उष्णता घरात उतरत नाही. बरीचशी वाऱ्यासोबत जाते, काही आकाशाकडे निघून जाते, उरलेली खाली झिरपते. पण वरचा पृष्ठभाग जेवढा तापेल, तेवढं हे झिरपणं वाढतं. पारा चाळिशीच्या वर असलेल्या दिवशी उघडा स्लॅब साठ अंशांच्या घरात सहज पोचतो. त्याच दुपारी पांढरा केलेला स्लॅब त्याच्याहून पंधरा-वीस अंशांनी खाली असू शकतो. वाळवणाच्या दिवसांत गच्चीवर कुरडया घालणाऱ्या बायकांना हे तळपायांनी ठाऊक असतं. उघड्या स्लॅबवरून अनवाणी चालताना चटके बसतात म्हणून त्या पळत येतात आणि पसरलेल्या पांढऱ्या धोतराच्या काठावर येऊन उभ्या राहतात.

आता रात्रीच्या त्या उकाड्याकडे वळू. काँक्रीट जड असतं. ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. पाच-सहा इंचांच्या स्लॅबमधून उष्णतेची लाट खालच्या बाजूला पोचायला चारएक तास लागतात. वर दुपारी दोनला कहर असतो, तो खाली छताला संध्याकाळी सहाला जाणवतो. तिथून पुढं छत मध्यरात्र उलटेपर्यंत साठवलेलं ऊन खोलीत सोडत राहतं. ही उष्णता हवेच्या वाटेनं तर येतेच, पण शेकोटीसमोर बसल्यावर जशी धग थेट अंगाला लागते तशीही ती छताकडून येते. पंखा कितीही फिरवला तरी ती धग अडत नाही. ती अडवायची तर छत तापूच द्यायचं नाही, आणि ते काम वरच्या अंगानं, दिवसाउजेडीच करावं लागतं.

पांढरेपणाचं गुपित

खडीसाखरेचा मोठा खडा उजेडाकडे धरला तर तो काचेसारखा आरपार दिसतो. तोच खलात कुटला की पांढरीशुभ्र पूड होते. वेगळा रंग त्यात कुठून आलेला नसतो. एका खड्याचे लाखो कण झाले, प्रत्येक कणाला कडा आल्या आणि प्रत्येक कडेवर प्रकाश थोडा वळला, थोडा उलटला. असं वळत-उलटत बहुतेक प्रकाश आला तिकडे परत गेला. त्यालाच आपले डोळे पांढरा रंग म्हणतात. मीठ, फेस, कापूस, चुना या सगळ्यांचं पांढरेपण असंच आहे.

चुन्याची गोष्ट तर फारच जुनी. चुनकळी पाण्यात टाकली की खदखदते, वाफा निघतात आणि तिचा मऊ लगदा होतो. त्याचा हात भिंतीला दिला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. खडू आणि संगमरवर याच पदार्थाचे. बाजारातल्या पांढऱ्या रंगांत बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडची पूड असते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिउलिन रुआन यांच्या गटानं २०२१ मध्ये बेरियम सल्फेट वापरून असा रंग तयार केला की तो ९८.१ टक्के ऊन परतवतो. घरच्या गच्चीला एवढ्याची गरज नाही. साधा चुनाही मोठा पल्ला गाठून देतो.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सूर्याच्या ऊर्जेतला निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना दिसतच नाही. तो अवरक्त किरणांचा असतो. म्हणून नुसत्या रंगछटेवरून छपराची परीक्षा होत नाही. शिवाय छपराला दुसरा एक गुण लागतो: जी थोडी उष्णता पोटात गेली, ती पटकन सोडून देण्याचा.

हा दुसरा गुण कळायला पत्र्याचं घर पाहावं. नवा कोरा जस्ताचा पत्रा उन्हात डोळे दिपवतो, म्हणजे ऊन तो बऱ्यापैकी परतवतो. तरी दुपारी त्याच्यावर हात टेकवत नाही. चकचकीत धातू आपल्या अंगातली उष्णता किरणांच्या रूपानं सोडायला फार कंजूष असतो. लख्ख घासलेल्या भांड्यातलं दूध चुलीवर काळ्या पडलेल्या भांड्यातल्या दुधापेक्षा उशिरा निवतं, त्यामागं हेही एक कारण असतं. चुना, रंग, सिमेंट, कौल हे मात्र या बाबतीत उदार. साठवलेल्या उष्णतेपैकी बराच वाटा ते आकाशाकडे सोडून देतात. पत्र्याला पांढरा रंग दिला की परतवणं वाढतं आणि सोडणंही वाढतं. पत्रा पातळ असल्यामुळे त्याच्याजवळ साठवण नसते, त्यामुळे हा फरक त्याच दिवशी, त्याच दुपारी कळतो.

मोजून पाहिलं तेव्हा

हैदराबादच्या इमारतींवर आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, हैदराबाद आणि अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजलं; तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काळं छप्पर पांढरं केल्यावर छपराच्या दर चौरस मीटरमागे वर्षाला २० ते २२ युनिट वीज वाचली. त्या व्यापारी इमारतींच्या गारव्यावरचा वीजखर्च त्यामुळे १४ ते २६ टक्क्यांनी घटला. छप्पर काळं नसून उघड्या काँक्रीटचं असेल तर १३ ते १४ युनिट, म्हणजे १० ते १९ टक्के बचत होईल, असा त्यांचा अंदाज होता. हे आकडे दिवसभर एसी चालणाऱ्या कार्यालयांचे आहेत, हे विसरू नये. संध्याकाळी दोन तास एसी लावणाऱ्या घराला एवढी बचत होणार नाही.

अहमदाबादनं हा प्रश्न बिलाच्या बाजूनं पाहिलाच नाही. मे २०१० मध्ये तिथं पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्या धक्क्यातून २०१३ मध्ये शहरानं उष्णता कृती आराखडा आणला; दक्षिण आशियातला तो पहिलाच. २०१७ मध्ये त्याला पांढऱ्या छपरांची जोड मिळाली आणि वस्त्यांमधल्या सुमारे तीन हजार घरांच्या छपरांना चुन्याचा हात दिला गेला. वरच्या मजल्याचं दुखणं काय असतं, हेही याच शहरातल्या एका रुग्णालयात दिसलं होतं. २०१० च्या त्या लाटेत तिथला प्रसूती कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यानंतर उन्हाच्या त्रासानं अतिदक्षता विभागात दाखल होणारी नवजात बाळं बरीच कमी झाली. त्या बाळांचा शत्रू त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब होता.

आपल्या नांदेड, चंद्रपूर, गडचिरोलीला लागून असलेल्या तेलंगणानं २०२३ मध्ये पाच वर्षांचं शीतछप्पर धोरण जाहीर केलं. २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरं ऊन परतवणारी करायची, त्यातली २०० एकट्या हैदराबादेत, असं त्याचं लक्ष्य आहे. सरकारी आणि व्यापारी इमारतींना ते बंधनकारक आहे. ६०० चौरस यार्डांहून लहान भूखंडावरच्या घरांना ऐच्छिक.

पांढऱ्या छपरांनी सगळी पृथ्वीच गार होईल का, यावर मात्र शास्त्रज्ञांचं एकमत नाही. हाशेम अकबरी, सुरभी मेनन आणि आर्थर रोझेनफेल्ड यांनी २००९ मध्ये हिशोब मांडला होता की जगभरच्या शहरांतली छपरं आणि रस्ते उजळ केले तर ४४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडचा परिणाम भरून निघेल. पुढं २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या गणितानं उलटा निष्कर्ष काढला. त्या वादाचा निकाल काहीही लागो, छपराखाली झोपणाऱ्या माणसाला तो आड येत नाही.

बचत कोणाची, गारवा कोणाचा

एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण या विषयावरचा बराच गोंधळ त्यातून होतो. वीज वाचते ती ज्याच्याकडे एसी आहे त्याची. ज्याच्या घरात एक पंखा आणि एक कूलर आहे, त्याचं बिल छप्पर पांढरं करून फारसं उतरणार नाही. पंखा आधी रात्रभर चालत होता, नंतरही चालेल. त्याला मिळतो तो गारवा. एसी नसलेल्या, थेट छपराखालच्या खोलीत दुपारी दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो, असं भारतातल्या मोजण्यांमधून दिसतं. आकडा लहान वाटेल. पण एकोणचाळीस अंशांची खोली आणि छत्तीस अंशांची खोली यांतला फरक आजारी म्हातारीला विचारावा, बाळंतिणीला विचारावा, सकाळी सहाला कामावर जाणाऱ्या आणि रात्रभर कूस बदलणाऱ्या मजुराला विचारावा. तापलेल्या दिवसानंतर शरीराला सावरायला रात्र लागते. रात्रही तापलेलीच गेली तर दुसऱ्या दिवशीचं ऊन दुप्पट बाधतं.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण आराखड्यानुसार देशातली गारव्याची मागणी २०१७-१८ च्या तुलनेत वीस वर्षांत आठपट होणार आहे. त्या गर्दीत आज ज्यांच्याकडे एसी नाही, तेही येतील. ज्या घराचं छप्पर आधीच पांढरं आहे, त्या घराला एसी लहान लागेल, उशिरा लागेल, कदाचित लागणारच नाही. मीटरवर न दिसणारी ही बचतच मला सगळ्यात मोठी वाटते.

कुठं उपयोग नाही

शेजारच्या काकांचा अनुभवही खोटा नसतो. सात मजली इमारतीची गच्ची पांढरी केली तर सातव्या मजल्याला फायदा, सहाव्याला नाममात्र, खालच्यांना काही नाही. त्यांच्याकडे ऊन येतं ते पश्चिमेच्या भिंतीतून आणि खिडक्यांतून. तिथं पडदा, छज्जा, झाड हवं. गच्चीवर आधीच जाड विटांचा कोबा किंवा उष्णतारोधक थर असेल तरी फरक कमी जाणवतो, कारण उष्णतेची वाट तिथं अगोदरच अडलेली असते. मुंबई-कोकणात हवेतला दमटपणा हा अर्धा त्रास असतो आणि तो कुठल्याही रंगानं जात नाही. पत्र्याखालच्या खोलीला मात्र तिथंही लाभ होतोच. थंड देशांत हिवाळ्यात घर तापवायला लागणारी उष्णता पांढऱ्या छपरानं हातची जाते. आपल्याकडे हिवाळा छोटा आणि उन्हाळा लांब, त्यामुळे हा तोटा किरकोळ आहे.

सगळ्यात मोठं कारण मात्र धूळ. पांढरं छप्पर पांढरं राहत नाही. धूळ, धूर, कबुतरं आणि पावसाळ्यातलं शेवाळ यांमुळे ऐंशी टक्के परतवणारा लेप वर्ष-दोन वर्षांत साठीच्या खाली येतो. चुन्याचा हात तर एका पावसाळ्यातच बराचसा धुऊन जातो. ज्यानं एकदा गच्ची रंगवली आणि पुन्हा वर जाऊन पाहिलं नाही, त्याला तिसऱ्या उन्हाळ्यात ‘काही फरक पडत नाही’ असंच वाटणार.

पांढरीची माती

आपल्या गावगाड्यात शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, चुना, पडलेल्या भिंती यांनी गावठाणाची माती फिकट झालेली असते. मराठवाड्यात माळवदावर आणि खानदेश-वऱ्हाडात धाब्यावर हीच पांढरी माती घालायची रीत होती. लाकडी तुळया, वर किलचं, त्यावर पाला आणि त्यावर वीतभर किंवा अधिक जाडीची माती. पाणी मुरू द्यायचं नाही, हा पांढऱ्या मातीचा मुख्य गुण. पण तिचा फिकट रंग ऊन परतवायचा आणि तिची जाडी उरलेलं ऊन वरच अडवून धरायची. भर दुपारी माळवदाच्या घरात शिरल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आणि अंगाला गारवा, हा अनुभव ज्यांनी घेतलाय ते विसरत नाहीत.

त्या घरांची एक अट होती. दरवर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकावी लागे, गवत उपटावं लागे, भेगा चोपाव्या लागत. कोकणात घर शाकारायचं, देशावर माळवद चोपायचं. छपराकडे वर्षातून एकदा बघायचंच असतं, हे घराघरात ठरलेलं होतं. स्लॅब आला तसं हे काम सुटलं. छप्पर ही एकदा ओतून विसरायची वस्तू झाली, आणि रात्री तापणाऱ्या खोल्या आपल्या वाट्याला आल्या.

पांढऱ्या छपराची मागणी एवढीच आहे की ते विसरलेलं काम पुन्हा हाती घ्या. होळी झाली की गच्ची खराट्यानं झाडायची, पाण्यानं धुवायची, भेगा बुजवायच्या. चुना आदल्या दिवशी भिजवायचा आणि गाळून घ्यायचा. तो खदखदतो, म्हणून मुलांना लांब ठेवायचं आणि डोळे, हात झाकायचे. चिकटपणासाठी त्यात सरस किंवा डिंक घालायचा आणि दोन हात द्यायचे. ऐपत असेल तर ऊन परतवणारा तयार रंग लावावा. तो काही वर्षं टिकतो, पण दर उन्हाळ्याआधी धुवावा लागतो. त्याहून टिकाऊ काम हवं तर फुटक्या पांढऱ्या लाद्यांचा चायना मोझॅक आहेच. गच्चीवर सतत वावर असेल तर तोच बरा, कारण घासून पुसला की पुन्हा लख्ख होतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यानं घरमालकाला हे सांगावं. एका साध्या खोलीच्या चुन्याचा खर्च कूलरच्या खर्चापेक्षा पुष्कळच कमी येतो. आणि गावातल्या पत्र्याच्या अंगणवाडीपासून, शाळेपासून सुरुवात झाली तर त्याहून चांगलं काय?

नवतपा सुरू झाल्यावर रंगारी शोधायला निघालं तर हाती काही लागत नाही. तोवर दोन महिन्यांचं ऊन स्लॅबनं पिऊन झालेलं असतं. हे काम गुढीपाडव्याच्या आतलं. गुढी उभारायला गच्चीवर जाल तेव्हा खाली पायांकडे एकदा बघा. गच्ची काळी दिसली, तर त्याच आठवड्यात चुना भिजवा.